गालातली गोळी

संध्याकाळचं जेवण आटोपलं की आतल्या खोलीतून एक आवाज यायचा. पाण्यानं भरलेल्या काचेच्या वाडग्यात काहीतरी अलगद सोडल्याचा. टुण्. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या थोरलीच्या काळजात तो आवाज सुईसारखा जायचा. वाडग्यात काय पडलं हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंची वरची कवळी. ती हातात घेऊन पाण्यात सोडणारं माणूस कोण, हेही ठाऊक होतं. तिची धाकटी जाऊ.

थोरली या घरात सून म्हणून आली तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. आता वेणीचं शेपूट झालं होतं आणि कानांवर पांढरं दिसायला लागलं होतं. एवढ्या वर्षांत सासूबाईंना बिनकवळीचं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांचा पाय मोडला तेव्हा हिनंच भांडं दिलं, भांडं काढलं, पाठ चोळली, पायाची नखं कापली. पण तोंड धुवायची वेळ आली की सासूबाई म्हणायच्या, "तेवढं माझं मी बघते. तू दार ओढून घे." आणि थोरली दार ओढून घ्यायची. धाकटीला घरात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि तिच्यापुढं ते दार सताड उघडं.

सासूबाई एके काळच्या नामांकित शिवणकरीण. मोठमोठ्या घरांचे पडदे त्यांच्या हातचे. ताठ मानेच्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि बोलतील ते कापडावर खडूनं ओढलेल्या रेघेसारखं. थोरलीला टाका घालायला त्यांनीच शिकवलं. दातानं दोरा तोडताना दिसली की म्हणायच्या, "दात जेवायला दिलेत. कात्री त्या पेटीत आहे." थोरली तेवढ्यापुरती कात्री घ्यायची. पुढं सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, समोरचं माणूस म्हणजे नुसती सावली झाली, तशी थोरली बिनधास्त दातानं दोरे तोडायला लागली. समोरच्या दाताला खाच पडली. त्याच्या शेजारचा दात आधी काळवंडला, मग ठणकला, आणि एक दिवस पावाचा कडक तुकडा चावताना तुटून हातात आला. तिनं तो कागदात गुंडाळला आणि कुणाला न सांगता कचऱ्यात टाकला. त्या दिवसापासून ती ओठ मिटून हसायची. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. पुरुषांच्या लक्षात काय येतं? सासूबाईंच्या आलं असतं, पण त्यांना दिसत नव्हतं.

अशात धाकट्या दिराची बदली झाली आणि तो बायकोला घेऊन घरी राहायला आला. धाकटी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात कामाला लागली. तिथं ज्यांना स्वतःचं उठणंबसणं होत नाही त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, तोंड स्वच्छ करायचं, हे तिचं काम. हसली की दातांची अशी रांग दिसायची की थोरलीचे ओठ आपसूक आणखी घट्ट व्हायचे.

त्या थंडीत सासूबाईंना खोकला धरला. ताप यायचा, औषधानं जायचा, पुन्हा यायचा. एकदा धाकटी त्यांना पाणी पाजायला वाकली आणि तोंडाच्या वासानं तशीच थबकली. मग हळूच विचारलं, आई, झोपताना कवळी काढता ना? खोदून विचारल्यावर निघालं असं, की कित्येक वर्षं ती कवळी तोंडातच होती. सकाळी दार लावून धुवायची आणि लगेच बसवायची. झोपेत कुणी खोलीत आलं आणि तसं पाहिलं तर, या भीतीनं झोपतानाही काढायची नाही. धाकटीनं दार लावून घेतलं. आत दोघी बराच वेळ होत्या. बाहेर आली तेव्हा तिनं सगळ्यांना सांगितलं, की आईंचा टाळू लालभडक झालाय, त्यावर पांढरा थर आहे, खालच्या दातांच्या मुळाशी घाण साचलीय. आमच्या निवासात म्हाताऱ्यांचा खोकला असाच लांबतो. तोंडातलं झोपेत छातीत उतरतं.

डॉक्टरांनी टाळूला लावायचं औषध दिलं. रोज संध्याकाळी कवळी काढणं, तिला ब्रशनं घासून पाण्यात ठेवणं, खालचे दात मऊ ब्रशनं, हिरड्या ओल्या कापडानं, शेवटी जीभ, असा क्रम सुरू झाला. खोकला हटला. ताप पुन्हा आला नाही. आणि घरात धाकटीची आरती सुरू झाली. शेजारीण आली की सासूबाई सांगायच्या, हिच्या हाताला गुण आहे. थोरलीचा नवरा तर एक दिवस जेवताना म्हणाला, "आईच्या जवळ बसलं की आता कसं प्रसन्न वाटतं, नाही?"

"मग बसा की जवळ," थोरली म्हणाली. "पोळ्या मी तिकडेच आणून वाढते."

तो हसला. त्याला वाटलं बायको गंमत करतेय.

थोरलीला वाईट वाटत होतं ते सासूबाई बऱ्या झाल्या याचं नव्हतं. देव साक्षी आहे, त्यांच्या प्रत्येक तापात ती उशाशी बसली होती. तिला लागत होतं ते एवढंच, की मी आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि ही कालची पोरगी सरळ आत गेली. माणसाच्या मत्सराला कारण फार मोठं लागत नाही. काचेचा एक वाडगासुद्धा पुरतो.

पण थोरलीकडं एक गोष्ट होती जी धाकटीकडं नव्हती. लिंबाची गोळी.

लग्न होऊन आली त्या पहिल्या संध्याकाळी थोरली मागच्या पायरीवर बसून आईच्या आठवणीनं रडत होती. सासूबाई आल्या. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. बटणांच्या बरणीशेजारच्या बरणीतून एक लिंबाची गोळी काढली, तिच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "ही विरघळेपर्यंत रड. नंतर भाजी चिरायची आहे." गोळी संपली तेव्हा रडूही संपलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गोळी. मग दोघींनी एकेक घ्यायची, गालात ठेवायची आणि दिवसाचं उरलेलं शिवण संपवायचं, असं सुरू झालं. सासूबाईंना दिसेनासं झालं तशी थोरली स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात गोळी घालायला लागली. घरात कुणाचं कुणाशी वाजलेलं असो, कुणी आजारी असो, संध्याकाळची गोळी चुकली नाही. कुणी उपास धरतं, कुणी जप धरतं, थोरलीनं ही गोळी धरली होती. नेम देवासाठी धरला तर माणूस वाकायला शिकतं. माणसासाठी धरलेल्या नेमात मात्र हळूच 'मी'पणा येऊन बसतो, आणि तो बसलेला कळतही नाही.

धाकटीनं तेवढ्यावरच बोट ठेवलं. अगदी गोड शब्दांत म्हणाली, "ताई, एकदा तोंड साफ केलं की सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नको. आणि आईंना साखरेचा आजार. गोळी बंदच केली तर?"

"बरं," थोरली म्हणाली. ते 'बरं' असं होतं की त्यात बरं काही नव्हतं.

तेव्हापासून रोज, धाकटी भांडी घासायला मोरीशी गेली की थोरली मुठीत गोळी घेऊन आतल्या खोलीत जायची. सासूबाई दिवा मालवून पडलेल्या असायच्या. पावलावरून ओळखायच्या. काही न बोलता तोंड उघडायच्या, जसं पाखराचं पिल्लू उघडतं. थोरली चाचपडत गोळी गालात सारायची. कवळी नसलेली ती मऊ हिरडी बोटाला लागली की तिच्या अंगावर काटा यायचा. धाकटीला जे उजेडात मिळतं ते आपल्याला अंधारात चोरून घ्यावं लागतंय, असं तिला वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची. शेजारच्या ताटलीखाली कवळीचा वाडगा झाकलेला असायचा. ती ताटली तिनं कधी उचलली नाही. दाखवलं नाही ते बघायचं नाही, एवढा मान तिनं स्वतःचा राखला होता.

मग डोळ्यांचं ठरलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पुरता पिकलाय, आणखी थांबलात तर काम अवघड होईल, काढून टाकू. सासूबाई हरखल्या. एवढी वर्षं शिवलेले पडदे पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायचे होते. धाकट्या सुनेचं तोंड तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. हे ऐकलं आणि थोरलीच्या मनात नको तो विचार येऊन गेला. आज सासूबाईंच्या डोळ्यांत मी लांब वेणीची आहे. दृष्टी आली की एका बाजूला धाकटीचं ते हसू दिसेल आणि दुसऱ्या बाजूला मी, खाचेच्या दाताची, फटीची. राहू दे की आहे तसं. विचार आला तशी तिनं जीभ चावली आणि देवाची क्षमा मागितली. पण आलेला विचार माघारी जात नाही. कोपऱ्यात बसून राहतो.

तपासणीत रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी तोंडही उघडायला लावलं. खालची एक दाढ किडलेली होती, हिरडी सुजून पू धरलेला. अशा तोंडानं डोळ्याला हात लावणार नाही, म्हणाले. आधी दातांकडं जा, साखर खाली आणा, मग या.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं दोघी जावा सासूबाईंना घेऊन गेल्या. पांढऱ्या भिंतींची लहानशी खोली, मान मागं टेकवायची खुर्ची, वर वाकवता येणारा दिवा. सासूबाईंनी कवळी काढली तेव्हा थोरलीला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. सासूबाईंनीच सांगितलं. धाकटी आत राहिली. दार मात्र पुरतं लागलं नव्हतं, आणि थोरलीचे कान तिखट होते.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. तोंड म्हणजे शरीराचा पुढचा दरवाजा. हिरडीत पू असला की तो रक्तात भिनतो, साखर खाली येऊ देत नाही. साखर वाढलेली असली की हिरडी बरी होत नाही. दोन्ही एकमेकांचे पाय धरून खाली ओढतात. एका हिरडीपायी आज डोळा अडलाय, उद्या आणखी काही अडेल. मग त्यांचा आवाज कोरडा झाला. दाढ जुनीच किडलेली आहे, पण सूज ताजी आहे. तोंड साफ केल्यावरही यांच्या गालात रोज काहीतरी गोड राहतंय. साफ कोण करतं?

"मी," धाकटी म्हणाली.

"मग नीट करत नाही तुम्ही. वृद्धांकडे काम करता ना? तिथंही असंच करता का?"

बाहेर बाकावर थोरलीचे हात मांडीवर गच्च झाले. उठून आत जावं, सांगावं, असं एकदा वाटलं. पण त्याच वेळी आत कुठंतरी एक थंडगार समाधान पसरत होतं, तापलेल्या अंगावरून वाऱ्याची झुळूक जावी तसं. बघा, तुमची गुणी सून. बघा तिच्या हाताचा गुण. ती बसून राहिली.

दाढ काढली, औषध दिलं. घरी आल्यावर धाकटा बायकोला टाकून बोलला, आईच्या बाबतीत तरी हयगय करू नकोस म्हणाला. धाकटीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. संध्याकाळी ती सासूबाईंच्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. थोरलीनं ठरवलं होतं, आज गोळी द्यायची नाही. पण टुण् आवाज झाला, धाकटी मोरीशी गेली, आणि थोरलीचे पाय आपोआप बरणीकडे वळले. आज नाही दिली तर सासूबाई म्हणतील, हिनंही सोडलं. त्यांच्या जवळ जायला हिच्याकडं दुसरं होतं काय?

पुढच्या तपासणीतही साखर तशीच. दुसऱ्या बाजूची हिरडी सुजायला लागलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख पुन्हा पुढं ढकलली आणि सांगितलं, आता आणखी उशीर केलात तर मी खात्री देत नाही. घरी आल्यावर सासूबाई जुन्या पडद्यांवरून बोटं फिरवत बसल्या. त्या दिवशी थोरलीचं ते समाधान नासलेल्या दुधासारखं फाटलं. धाकटीची फजिती व्हावी एवढंच तिला हवं होतं. सासूबाईंचे डोळे जावेत, असं तिनं कुठं मागितलं होतं?

धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी थोरली शिवलेले पडदे पोचवायला निघाली. वळणावर गेल्यावर लक्षात आलं, पडद्याच्या कड्या घरीच राहिल्या. ती परतली. चपला काढून बाहेरच्या खोलीत शिरली, कड्यांचा डबा उचलला, आणि आतून बोलणं ऐकू आलं. धाकटीचा आवाज रडवेला होता.

"आई, आज सकाळी पुन्हा गालात चिकट होतं. मी किती दिवस बोलणी खाऊ?"

"अजून थोडी खा," सासूबाई म्हणाल्या. "तुझी पाठ तरणी आहे, सोसेल."

"आणि तुमचे डोळे? मी ताईंना सांगते सरळ."

"सांगायचं नाही. ती गोळी तिच्या जिवाची आहे. मी नाही म्हटलं तर ती मोडून पडेल."

"एका गोळीसाठी?"

"तुला नाही कळायचं. तू या घरात हसत आलीस. ती रडत आली होती."

थोरली हातात कड्यांचा डबा घेऊन उभी राहिली. कुणालाही वाटेल, हे ऐकून तिचं मन भरून आलं असेल. ते नंतर आलं. आधी आली ती आगच. म्हणजे या दोघींना सगळं ठाऊक होतं. या दोघींचं एक गुपित होतं, आणि ते गुपित म्हणजे मीच. माझ्यावर दया करण्यातसुद्धा ही धाकटी पुढं. डबा तिच्या हातातून निसटला आणि कड्या फरशीभर झाल्या.

आतलं बोलणं थांबलं. थोरली दारात गेली. तिला क्षमा मागायची होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"हिच्यापुढं कवळी काढता," ती म्हणाली. "माझ्यापुढं का नाही?"

धाकटी उठून जायला लागली. सासूबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"अगं मोठे," त्या म्हणाल्या, "तिनं मला पाहिलं तेच मुळी अंथरुणावर पडलेलं. तिच्यापुढं माझं काय जायचं राहिलंय? तू आलीस तेव्हा मी या घराची मालकीण होते. तुला धाकात ठेवायचं होतं, काम शिकवायचं होतं. बोळकं दाखवून कुणी सासूपण करतं का?" मग आवाज उतरला. "तुझ्या डोळ्यांत मी ताठ होते. ते एकच ठिकाण राहिलं होतं."

थोरली खाली बसली. एवढी वर्षं ज्या दाराचा तिनं राग धरला, त्याच्या आतल्या बाजूला सासूबाई तिच्याचसाठी ताठ उभ्या होत्या, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. सासूबाई तिच्या डोळ्यांत ताठ राहायला बघत होत्या, आणि ती त्यांच्या डोळ्यांत लांब वेणीची. दोघींची एकच चूक.

"बरणी मी आजच रिकामी करते," ती म्हणाली. "बटणं ठेवीन तीत." धाकटी एव्हाना दाराशी पोचली होती. थोरली तिच्याकडं न बघता म्हणाली, "तू कुठं चाललीस? थांब. मला शिकवायचं कुणी?"

सासूबाईंनी दोन्ही अंगठे वर लावले आणि कवळी काढली. दिवसाउजेडी, थोरलीसमोर. चेहरा एकदम आत गेला, हनुवटी वर आली, गालांना खळगे पडले. ती ताठ बाई कुठं गेली आणि तिच्या जागी तान्ह्या बाळाइतकं उघडं कुणीतरी बसलं. थोरलीनं डोळे फिरवले नाहीत. कवळी तिच्या तळहातावर आली, कोमट, ओली, आणि वाटली होती त्यापेक्षा खूप हलकी. एवढ्याशा वस्तूसाठी तिनं एवढा जीव जाळला होता.

धाकटी सांगत गेली. कवळी धुताना खाली पाणी भरलेलं भांडं ठेवा, निसटली तर फुटायची नाही. कापड बोटाला गुंडाळा. आतून बाहेर या. जोर लावू नका, हिरडी नाजूक असते.

"साटीन समज," सासूबाई कवळीविना बोबड्या आवाजात म्हणाल्या. "खसाखसा पुसलंस तर सुरकुती पडते."

आणि धाकटी फसकन हसली, थोरलीही हसली, ओठ मिटून.

त्यानंतर संध्याकाळचं काम दोघींनी वाटून घेतलं. धाकटी कवळी घासायची, थोरली तोंड पुसायची. झालं की थोरली पाण्याचा एक घोट पाजायची. शेवटचा घोट तिच्याच हातचा, एवढं धाकटीनं न मागता सोडलं होतं. पहिल्या काही संध्याकाळी सासूबाई पाणी पिऊन झाल्यावरही सवयीनं तोंड उघडायच्या, आणि मग आठवण होऊन मिटायच्या. ते बघणं थोरलीला सर्वांत जड गेलं. तिनं स्वतःही गोळी सोडली. एकटीच्या गालात ती आंबटच लागायची.

हिरडी निवली. साखर उतरली, झटकन नाही, कुरकुरत, पण उतरली. एका डोळ्याचं काम झालं.

पट्टी काढायच्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टीला हात घातला तशी धाकटी आपणहून मागं सरकली आणि थोरलीला पुढं केलं. थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच बोचलंही, की हा मोठेपणासुद्धा हिलाच आधी सुचला. मत्सर काही एका दिवसात घर सोडत नाही. भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा तो सामान आवरतो आवरतो म्हणतो आणि राहतो.

सासूबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर थोरली. त्या बघत राहिल्या. पांढरे केस पाहिले, गालावरच्या रेषा पाहिल्या. थोरलीनं ओठ मिटून घेतले होते, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ सुटले.

"हा दात कधी पडला?" सासूबाईंनी विचारलं.

थोरलीनं चटकन तोंडावर हात नेला. सासूबाईंनी तो धरून खाली घेतला.

"आणि ही खाच. अजून दोरा दातानंच तोडतेस. माझे डोळे गेले म्हणून तुझं फावलं." मग हात न सोडता म्हणाल्या, "म्हातारी झालीस गं माझ्यादेखत, आणि मला कुणी सांगितलं नाही."

मग धाकटी पुढं आली. सासूबाईंनी तिला वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, तू एवढीशीच आहेस होय, आवाजावरून मला वाटलं होतं दारातून वाकून येत असशील. सगळे हसले. थोरलीचं मात्र लक्ष होतं, त्या धाकटीकडं किती वेळ बघतात. जास्त वेळ नाही बघितलं. लगेच कामालाच लावलं. थोरलीकडं बोट करून म्हणाल्या, हिला त्या दातांच्या बाईंकडं घेऊन जा, आणि तोवर घरी तू बघ. नाहीतर माझ्यासारखी दार लावून बसेल आणि आतल्या आत कुजेल.

त्याच संध्याकाळी थोरलीला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून धाकटीनं हातात नवा मऊ ब्रश आणि छोटा दिवा घेतला.

"ताई, आ करा."

थोरलीनं ओठ मिटले. बाहेरच्या खोलीत सासूबाई एका डोळ्यानं जुने पडदे न्याहाळत बसल्या होत्या. नवा डोळा सगळीकडं फिरत होता, इकडंही.

"आधी ते दार ओढून घे," थोरली म्हणाली.

धाकटीनं दार ओढलं, आणि आतच थांबली. थोरलीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. धाकटी दिवा धरून वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि काही वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, बाकीचे वाचतील.

थोड्या वेळानं बाहेरून काठी वाजली.

"काय चाललंय गं दोघींचं आत?" सासूबाई विचारत होत्या. "मला कुणी बोलवेल का?"